हितं कुनी भामाबाई ऱ्हात न्हाई

—अवो पयलं बसा तर ताई! त्या खुर्चीवर नगं, तिचा एक पाय हालतोय — हितं कॉटवर, पंख्याखाली. व्हय, मीच नंदाबाई, भामाबाईची शेजारीन. भिंतीला भिंत हाय आमची. तिचा फोटो काढला न्हवं तुमी आत्ता दाराम्होरं? सकाळधरनं पदर नीट करत बसली हुती. पासपोर्टच्या चौकशीला बाई पोलीस येनार म्हनल्यावर तिचं निम्मं भ्याव गेलं. छातीवरच्या पाटीवर काय लिवलंय — प्रतीक्षा? झ्याक नाव हाय. वडगावासनं स्कुटीवर आलात? टाकव्याच्या पुढच्या खड्ड्यांत कंबर ऱ्हायली का शाबूत? च्या घेतल्याबिगर सोडत न्हाई, भामीनं तिकडं आधन ठेवलंय.

विचारा की. किती वर्सं वळखते? एकतीस. मी लगीन हून आले तवा ती सा म्हयन्याची जुनी सून हुती, लय मिजास करायची माज्यावर. चालचलन? चांगलं लिवा. भांडती, पन मनात ठिवत न्हाई. गुन्हा-बिन्हा काय न्हाई — एकदा सरपंचाच्या बैलाला दगड मारलता, पन बैल तिच्या वाफ्यात शिरलता, त्ये नका लिवू. मस्कतला कशाला जातीया? अवो लेकीचं बाळंतपन! तेजल तिची. जावई प्रदीप लोनावळ्याला हॉटेलात आचारी हुता, आता तिकडं चांगल्या जागी लागलाय. पोरीला सातवा सरत आला. तितं कोन हाय तिला? तिला आईच पायजे. आन् ही तेजल कुटं झाली म्हायतीय? ह्याच घरात. रातभर गाडी मिळंना, शेवटी माज्या ह्या हातावर झाली पोरगी. मग!

फॉर्म कुनी भरला? मीच की! सातवी पास हाय मी, चौदा वर्सं अंगनवाडीत मदतनीस हुते. भामी शाळंत गेलीच न्हाई, अंगठा करती, म्हनून तिचं समदं कागद मीच वाचते, मीच लिवते. तिचंच काय, आख्ख्या वाडीचं — रेशनकार्डात सुनंचं नाव चढवायचं, श्रावनबाळचा अर्ज, जातीचा दाखला, कुनाचं आधार कुटं अडकलंय. सखारामआबाला पंच्याहत्तर झाली तवा त्यांचं एस्टीचं कार्ड मीच काढून दिलं. तर आबा आता रोज कामशेतला जात्यात. काम काय? काय बी न्हाई! फुकट हाय म्हनून. तितनं फोन करत्यात, नंदे, पोचलो गं. कामशेतच्या सेंटरवरचा पोरगा मला म्हनतो, मावशी, तुमी आता हितंच टेबल टाका. आन् मी नुसता कागद करून गप बसत न्हाई, समजावून सांगते — पासपोर्ट काढला की चौकशीला पोलीस येत्यात, घाबरायचं न्हाई, च्या द्यायचा, इचारलं त्ये खरं सांगायचं.

आँ? पयल्या खेपंला? ... व्हय, आलतं एक सायेब. तुमच्याच ठेसनातलं. भामी तवा रानात गेलती. मी म्हनलं खरं, हितं कुनी भामाबाई ऱ्हात न्हाई म्हनून. पन त्याचं असं हाय ताई — त्ये आलतं साध्या कपड्यात! आमच्याकडं जमिनीचं एजंट लय फिरत्यात, बंगल्याला जागा बगाया. गोड गोड बोलून म्हाताऱ्या बायांचा अंगठा घेऊन जात्यात. म्हनून आमच्या वाडीची रीतच हाय, अनवळखी मानूस कुनाचं नाव इचारत आला की म्हनायचं, हितं ऱ्हात न्हाई. मला वाटलं एजंटच हाय. घोटाळा झाला, दुसरं काय!

अशा काय बगताय? ... कार्ड दावलतं व्हय त्यांनी? दावलं असंल. पासपोर्टचं हाय असं बी बोललं? तुमच्या कागदात लिवलंय? ... आन् मगाशी मीच म्हनले, मी समद्यांना सांगून ठेवते पोलीस येत्यात म्हनून. व्हय. मीच म्हनले. लय बडबड करते मी, आमचं मालक बी हेच म्हनायचं. बरं, हसा, हसा तुमी.

मला समदं म्हाईत हुतं ताई. फॉर्म भरताना काय वाटलं न्हाई, उलट मजा वाटली — भामीची कुंडलीच मांडल्यावानी. पुन्याला पासपोर्ट हापिसात गेलो, तितं दोगींनी लिफ्टमदी फोटो काढला. पन त्ये सायेब यायच्या आदल्या दिवशी तिनं कामशेतच्या बाजारातनं बॅग आनली, चाकांची, निळी, आन् अंगनात फिरवून दावायला लागली. तेवढ्यात तेजलचा फोन. ती म्हनती कशी, आये, परत जायची घाई करू नगंस, आता हितंच ऱ्हा. भामी नुसती हसली. न्हाई म्हनली न्हाई. माजी दोन्ही पोरं तळेगावला कंपनीत, सुट्टीच्या सुट्टीला येत्यात. रोज सांजच्याला तिची भाकरी आन् माजं कालवन, ह्याच कॉटवर. ती गेल्यावर मी कुनासंगं भांडू? दुसऱ्या दिवशी त्ये सायेब दारात उभं ऱ्हायलं आन् माज्या तोंडातनं निघून गेलं. एक वाक्य. मला वाटलं, आठ-पंधरा दिस लांबंल फार तर. सगळंच थांबंल असं वाटलं न्हवतं, खरंच न्हवतं वाटलं.

मग मेसेज आला तिच्या मोबाइलवर. वाचायला कुनाकडं आनला? माज्याकडंच की! मी वाचला — पत्त्यावर ऱ्हात न्हाई असा रिपोर्ट गेलाय. तर ती रडली न्हाई, मला म्हनली, नंदे, तू हायस म्हनून मला घोर न्हाई. ताई, त्यापरीस थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तीन खेपा घातल्या मी कामशेतला, पुन्ना चौकशी लावून घेतली. पोरीचं दिस जवळ याया लागल्यात, आन् मी बसलीया माज्या कालवनाचं बगत!

लेखी पायजे? पयला जबाब खोटा का दिला त्ये? द्या पेन. मी किती जनांचं अर्ज लिवलं, पन स्वताचं पयल्यांदाच लिवतीया... झालं. बगा, चालंल का? खाली माजी सही. आन् ह्या रेघंवर भामीचा अंगठा? मजकूर ऐकला म्हनून?

व्हय, कळलं मला, तुमी न्हाई सांगनार तिला. मी नुसतं म्हनले, हितं कर अंगठा, तर ती करनार, इचारनार बी न्हाई. तसं करावं असं मनात आलं बी माज्या, खोटं कशाला बोलू.

आली बगा च्या घिऊन. भामे, त्ये ताट ठिव खाली. बस. न्हाई, अंगठा मागनं. पयलं मी वाचते त्ये ऐक, आन् मदी बोलू नगंस.

ताई, तुमी च्या घ्या आन् भाईर जाऊन बसा जरा. ह्ये आमचं आमी बगतो.