रद्द केलेली व्हीलचेअर

नाही हो, मी पुढे सरकू कशी, पुढच्यांची बॅग सरकेल तेव्हा ना! तास झाला या कुवेतच्या विमानतळावर उभी आहे, आणि तुम्ही विचारता, ‘आजी, बसायला हवं का?’ पायांना काय झालंय माझ्या? हेच, अगदी हेच मी रियाजला विचारलं. रियाज म्हणजे हा मागे बॅगांवर रेललाय तो, माझा मुलगा. मला न विचारता तिकिटाबरोबर व्हीलचेअर सांगून मोकळा! ‘अम्मी, सत्तर झाली तुला.’ मला झाली असेल, गुडघ्यांना कोणी सांगितलं?

तुम्हाला सांगते, गेल्या शुक्रवारी जहराच्या पुढे त्या कड्याखाली गेलो होतो, थंडीत सगळं कुवेत जातं तसे... सतरंजी, कोळशाची शेगडी, मसाला लावलेली कोंबडी. वर टोकाला जुनी दगडी चौकी. पूर्वी म्हणे तिथे माणूस बसवायचे, लांब कुठे धूर दिसला की ओरडायला. नात इक्रा निघाली चढायला, आणि रियाज मला खुर्ची उघडून देतो, ‘तू कोळशावर लक्ष ठेव.’ म्हटलं, ‘आणि त्या चौकीला हात लावून आले तर? व्हीलचेअर रद्द?’ हसला! ‘वल्लाह, रद्द!’ आणि बसला तोच त्या खुर्चीत.

‘दादी, प्लीज, इट्स टू स्टीप!’ अगं, स्टीप कसलं? माझ्या माहेरी विहिरीची वाट याहून उभी, वर डोक्यावर दोन हंडे! शाळेचं तोंड न बघता, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं लावून लावून अरबी वाचायला शिकले मी, मला हे दगड शिकवणार? पण खोटं कशाला बोलू... अर्ध्यावर छातीचा भाता झाला. बसले असते तर व्हीलचेअर पक्की, म्हणून उभ्याउभ्या इक्राला देखावे दाखवत राहिले, ‘ती बघ खाडी, तो बघ ट्रक, तो बघ दुसरा ट्रक...’ श्वास येईपर्यंत अकरा ट्रक मोजले! मग चढले. पायांना काय झालंय माझ्या?

चौकीला हात लावला, खाली बघते तर... धूर! आमच्याच सतरंजीतून! आणि रियाज खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला! फोन लावला, ‘ऊठ मेल्या, सतरंजी पेटली!’ ‘अम्मी, तुला कसं कळलं?’ ‘चौकीवर उभी आहे मी! आधी पाणी ओत, मग व्हीलचेअर रद्द कर!’

केली हो बिचाऱ्याने, शब्दाचा पक्का आहे. आणि आता... ती बघा, ती बघा निघाली व्हीलचेअरवरून, सगळ्या रांगेच्या पुढून! आमची शेजारीण शामला! परवा खैरानच्या किनाऱ्यावर लगोरी खेळत होती हो, सात दगड एका दमात लावले! मघाशी माझ्याजवळून गेली तेव्हा विचारलं, ‘काय गं, पायांना काय झालं?’ तर वाकून कानात म्हणते, ‘पायांना काही नाही आजी, रांगेत कोण उभं राहणार?’

घ्या! म्हणजे निम्म्या व्हीलचेअरी पायांसाठी नसतातच, आणि हे मला कड्यावर चढण्याआधी एकानेही सांगू नये?

सरका, सरका, बॅग हलली... दोन पावलं का होईना. नको हो हात, चालते मी. पायांना काय झालंय माझ्या!