नमुन्याचा नळ

थांबलात का, मॅडम? प्या ना, गार होईल. — साखर जास्त झाली? मग? — अच्छा, मी मघाशी बोलले त्यानं घोट अडकला होय. अहो, त्यात काय एवढं, परत सांगते — चहाला पाणी मी मागच्या नळाचं घेतलं. तोच, ज्याच्यावर हिरव्या रंगात ‘प्रक्रिया केलेले सांडपाणी, नमुना येथे घ्यावा’ असं लिहिलंय, आणि ज्याची बाटली भरून तुम्ही आत्ताच पेटीत ठेवलीत. — नाही नाही, थुंकू नका! कारखान्याच्या ऑफिसात बसून पाहुण्यांना विष पाजायला मी काय वेडी आहे? पाणी चांगलंच आहे. गच्चीवरच्या पिण्याच्या टाकीचं आहे ते. तुम्ही येणार म्हटलं की आदल्या दिवशी प्लंबर येतो, भिंतीमागची जोडणी बदलतो, आणि तुमची गाडी फाटकाबाहेर पडली की होती तशी करून जातो. एवढे दोन दिवस तो नळ आमच्या स्वयंपाकघरातल्यापेक्षा स्वच्छ असतो.

बसा हो. सासरे इतक्यात येत नाहीत, कामगारांना हातमोजे वाटताहेत. वर्षातून एकदाच निघतात ते कपाटातून — गेल्या वर्षी म्हणे सगळे डाव्या हाताचेच निघाले, मग उजव्या हातात उलटे घातले सगळ्यांनी, आणि तुम्ही लिहिलंत, ‘समाधानकारक’. वाचलंय मी. लग्नाला तीनच महिने झालेत, पण फायली माझ्याकडेच असतात — सुनेचं अक्षर चांगलं आणि सून बोलत नाही, आणखी काय हवं? ‘आमची सून म्हणजे गरीब गाय’ — सासूबाई येईल त्याला सांगतात. — हो, आज जरा जास्तच बोलतेय. साठलं होतं.

खरं पाणी ना? ते भिंतीखालून जातं. तुमच्या कंपनीचे हाडात बसवायचे स्क्रू आम्ही आम्लाच्या टाकीत बुडवून चकचकीत करतो — इतके, की आत बसल्यावर शरीराला टोचू नयेत म्हणे — आणि टाकी बाद झाली की त्या हिरवट पाण्यात चुना घालायचा, ते शांत करायचं, गाळ वेगळा काढायचा, असं सगळं कागदावर. चुन्याची पोती दाखवली ना तुम्हाला? तीच आहेत, गेल्या वर्षीचीच. दगड झालाय त्यांचा. एक लाथ मारून बघायची होतीत.

भिंतीपलीकडे उतारावर रोपवाटिका होती. होती, म्हणजे विहीर अजून आहे, रोपं नाहीत. माझ्या बाबांची. आधी पानांची टोकं जळाली, मग वाफेच्या वाफे गेले. बाबा विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन इथं आले, तर सासरे म्हणाले, तुमचंच खत जास्त झालं असेल. मग काय — लांबून कॅन वाहायचे. त्यातच एकदा घसरले. मांडीचं हाड. चार स्क्रू. डॉक्टरांनी रिकामी पाकिटं दिली, जपून ठेवा म्हणाले. पाकिटावर तुमच्या कंपनीचं नाव आणि कोपऱ्यात हिरवं पान — ‘पर्यावरणाची जबाबदारी पाळून बनवलेले’. ते पान तुमच्याच सहीनं मिळतं ना? — वाटलंच मला.

लग्न? सासऱ्यांनी स्वतः येऊन मागणी घातली, कारण उघड आहे — एकदा व्याही झाल्यावर माणूस तक्रार कुठली करतोय! आणि झालंही तसंच. बाबांनी पाण्याच्या तक्रारीचा अर्ज मागे घेतला, मुलीच्या सासरावर कोण अर्ज करतं? सगळे म्हणाले, बरं झालं, मिटलं. मी हो म्हणाले, फार पटकन म्हणाले. मला आत यायचं होतं. तो पाइप कुठून निघतो ते बाहेरून सात जन्म कळलं नसतं, तो तर ह्यांनी पहिल्याच आठवड्यात मला — नाही. ते लिहू नका. मी शोधला. लिहा, सुनेनं शोधला, नवऱ्याला काही ठाऊक नाही. — ठाऊक नाही म्हटलं ना! लग्नाआधी बाबांच्या दारात पहाटे गोड्या पाण्याचे कॅन कोण ठेवून जातं हे आम्हाला दोन महिने कळलं नव्हतं, आणि एकदा मी दार उघडलं तर — जाऊ दे. हे मी तुम्हाला कशाला सांगतेय?

बाबा आठवत नाहीत तुम्हाला? गेल्या वर्षी, याच फाटकाशी, कुबडीवर. सकाळपासून उन्हात उभे होते. तुमची गाडी हळू झाली, त्यांनी बाटली वर धरली, आणि तुम्ही काच वर घेतलीत. शेजारी मी होते. बटणावरचं ते बोट, त्यातली ही अंगठी — आज तुम्ही कप उचललात तेव्हा खात्रीच पटली. सासऱ्यांचं काय, ते चोर आहेत, त्यांनी चोरी केली. तुमचं तर कामच बघण्याचं होतं.

पेटी उघडू नका, सांगते. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा तुमच्या बाटलीशेजारी मी एक ठेवली. भिंतीखालच्या पाइपातली, काल भरलेली. टाकून द्या हवी तर. तशीच एक बाबांच्या डॉक्टरांकडे पोचलीय, पाकिटांसकट. आणि एक तुमच्या मोठ्या साहेबांच्या नावानं सकाळीच कुरिअरनं गेली. चिठ्ठीत लिहिलंय — याच पाण्याचा नमुना आज तुमच्या मॅडमही घेऊन येत आहेत, ताडून पाहावा. — हो, माझंच अक्षर. खाली नावही माझंच. मला कुठं लपायचंय? माझं इथं काय होईल ते माझं मी बघेन.

आता ते हिरवं पान द्यायचं की नाही, तुम्ही ठरवा.

श्श. सासऱ्यांच्या चपला वाजल्या.

या ना, पप्पा. — छे, मी कुठं बोलतेय. मॅडमना नुसतं विचारत होते, चहा कसा झालाय. — सांगा ना, मॅडम. पप्पांना सांगा. पाणी कसं वाटलं?