डब्यातली मासळी, परड्यातली चूल

मनुबाई : ...आन् त्यो हातातला झारा कुठला हाय?

जोतीराम : ह्यो? ह्यो आपला... घरातला.

मनुबाई : झालं. आत्याबाईंच्या चुलीवरचा झारा मासळीच्या तेलात बुडिवला. आता ऱ्हाऊ द्या परड्यातच. घरातला एक झारा कमी झाला म्हणायचं.

जोतीराम : आगं, राख लावून घासतो की. फौजेत एकाच पळीनं वरण वाढत्यात आन् त्याच पळीनं मटण.

मनुबाई : फौजेत तुमची आई न्हवती. हितं हाय. गळ्यात माळ हाय त्यांच्या. म्हणून मासळीची चूल परड्यात, भांडी परड्यात, आन् आतबाहेर करायला मी. ह्या घरात आल्यापास्नं मला दोन चुली हायेत.

जोतीराम : म्हणून तर म्हणतोय, तू बस. पाय पसरून बस त्या पोत्यावर. दिवसभर उसात खपून आलीयास. सुट्टीवर हाय तवर रातचं मी रांधणार, असं ठरलंय न्हवं?

मनुबाई : बसली की. आता उठवायचं न्हाई मला. काय बेत हाय आज?

जोतीराम : आज टिक्की! बघ, बटाटं उकडून ठेवल्यात. डबा फोडायचा, तेल निथळून घ्यायचं. टाकायचं न्हाई, तेच तव्यावर घालायचं. मासळी हातानं कुस्करायची. काटं काढत बसायचं न्हाई, डब्यात शिजून शिजून पिठावानी झाल्यात. कांदा, मिरची, कोथिंबीर. मीठ बेतानं, डब्यात आधीच हाय. बटाट्यात कालवायचं, थापायचं, रव्यात घोळवायचं आन् तव्यावर सोडायचं. फटाफट. हाय का काय अवघड?

मनुबाई : न्हाई.

जोतीराम : परवा तर चूल बी पेटवली न्हवती. नुसता कांदा बारीक चिरला, लिंबू पिळलं, वर तुझी चटणी आन् आतनं गरम भाकरी आणलीस. खाल्लीस का न्हाई बोटं चाटून?

मनुबाई : खाल्ली. भूक लागली हुती.

जोतीराम : आन् कालचा भात?

मनुबाई : सकाळचा उरलेला भात, त्यात डबा. बरा हुता. खारट झाला हुता जरा.

जोतीराम : वर बर्फात असता ना मनू, तर त्यो भात बघून जवानांनी मला खांद्यावर घेतलं असतं. तिथं काय करायचो ठावं हाय? डबा उकळत्या पाण्यात टाकायचा, तापला की फोडायचा, वर बिस्किटाचा चुरा. झालं जेवण. तोंडाला चवच नसायची. मासळी खा न्हाईतर खडू खा, दोन्ही एकच.

मनुबाई : मग तसलंच डबं कँटीनमधनं ट्रंक भरून कशापायी आणलं?

जोतीराम : तिथं चव लागली न्हाई, म्हटलं घरी लागंल.

मनुबाई : लागली का?

जोतीराम : लागतीय. हळूहळू लागतीय. तूच सांग, अजून काय काय करता येईल ह्याचं? डोस्क्यातली सगळी पाककला संपत आली माझी.

मनुबाई : काय करायचं. सुकट कशी वांग्यात घालतो आपण, तसं घाला. कांदा चांगला तांबूस करा, चटणी तेलातच परता, वांग्याच्या फोडी टाका. वांगं शिजलं की मग मासळी. आधी घातली तर लगदा हुतोय. आन् चिंचेचा कोळ पायजे. त्याबिगर डब्याचा वास मोडायचा न्हाई.

जोतीराम : चिंच! माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघ. उद्या तेच करू. आन् टिक्कीचं नीट बघून ठेव, म्हंजी तुला बी करता येतंय. पुढं-मागं क्रांती सांगलीस्नं आली की खायाला घालशील.

मनुबाई : मी कशाला करू? तुमी आता घरीच येणार. तुमीच घाला की लेकीला.

जोतीराम : व्हय... तसं न्हवं. आपलं बघून ठेवावं माणसानं.

धोंडुबाई : जोत्या! काय जळतंय रं ते?

जोतीराम : काय न्हाई आई. तवा तापलाय. तू कशाला उठून आलीस?

धोंडुबाई : उठून आली न्हाई, दारातच हाय. उंबऱ्याच्या भाईर मी येत न्हाई आन् तुझी मासळी आत येत न्हाई, आपलं ठरल्यालं हाय. रिकामा डबा झाला का?

जोतीराम : झाला की. का?

धोंडुबाई : दे हिकडं. न्हाई, तसा नगं. मनुबाई, चांगला राखंनं घासून दे. धारंला दगडानं ठोक, हाताला लागंल न्हाईतर.

जोतीराम : तुला कशाला पायजे ह्यो डबा?

मनुबाई : आत्याबाई, असू द्या. मी तुमास्नी दुसरा आणून देती बाजारातनं.

धोंडुबाई : दुसरा नगं. एक हाय देवापाशी, त्यात वाती ठिवल्यात. ह्यो अक्षतांना हुईल.

जोतीराम : देवापाशी? आई, आगं, तुला कळतंय का त्यात काय हुतं ते? मनू, तू बघितलंस आन् बोलली न्हाईस?

मनुबाई : बघितलं. परवाच बघितलं. एवढ्या हौसंनं घासून ठिवला हुता त्यांनी. कुठल्या तोंडानं सांगू, आत्याबाई तुमचा देव बाटला म्हणून?

धोंडुबाई : लय शाण्या हायसा दोघं बी. मला काय दिसत न्हाई व्हय? ह्ये एवढा मासा काढलाय त्यावर, डोळा वटारून बघतोय. मी त्याचं तोंड भितीकडं केलंय.

जोतीराम : मग माळकरी बाई तू, आन् देवापुढं...

धोंडुबाई : देव भावाचा भुकेला रं, डब्याचा न्हाई. लेक कुठल्या बर्फातनं एवढी वस्तू घिऊन आला, ती मी खाऊ शकत न्हाई. निदान जवळ तरी ठिवू दे. रोज वात लावाया हात घातला की वाटतं, जोत्यानं आणलाय. आता काय म्हणा, थोडंच दिस ऱ्हायलं.

जोतीराम : कशाचं?

धोंडुबाई : तुझ्या पेन्शनीचं, आन् कशाचं? ही सुट्टी संपली, दोन महिन्यांनी कायमचा आलास. नानासोला म्हणलं, भावाला वड्याकडचं रान दे बघायला. हलगीवाल्याला बी सांगून ठिवलंय. फाट्यापास्नं गुलाल उधळत आणायचा तुला. बाकीच्यांची पोरं तशीच आणली गावानं. तुझा बाप असता तर त्यो म्होरं नाचला असता.

जोतीराम : आई, तू जा आत. गार वारं सुटलंय. जेव जा.

धोंडुबाई : जाती. डबा घासायचा इसरू नगा.

(धोंडुबाई आत गेल्या. मनुबाईनं रिकामा डबा उचलला, चिमूटभर राख घेतली आणि घासायला बसली. सासूच्या भोळ्या आनंदाचं तिला हसू आलं असतं, पण मलकापूरच्या बाजारात ऐकलेली गोष्ट आठवडाभर तिच्या पोटात कच्च्या भाकरीसारखी बसली होती. नवरा आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून ती थांबली. आता मात्र तिला थांबण्याचाही कंटाळा आला.)

मनुबाई : सांगायचं हुतं की त्यांस्नी.

जोतीराम : काय?

मनुबाई : हलगी लावू नका म्हणून. तुमी दोन महिन्यांनी येत न्हाई. दोन वर्षं वाढवून घेतल्यात नोकरीची.

जोतीराम : कुणी सांगितलं तुला?

मनुबाई : तुमच्या पलटणीतल्या नाथाजी भाऊजींनी. बाजारात भेटलं. ते बी सुट्टीवर आल्यात न्हवं. "वहिनी, जोतीबाला बी मुदत वाढवून मिळाली, आता आणखी दोन वर्षं कळ काढा." मला ठावंच असंल असं त्यास्नी वाटलं. मी बी म्हटलं, व्हय, ठावं हाय. आन् भाजी घिऊन आली घरी.

जोतीराम : मनू...

मनुबाई : टिक्की करपती, उलथा ती.

जोतीराम : मी सांगणारच हुतो.

मनुबाई : कवा? मी रोज वाट बघती. कांदा चिरताना वाटतं, आता सांगतील. भात परतताना वाटतं, आता. तुमी आपलं ह्ये कसं करायचं आन् ते कसं करायचं, एवढंच बोलताय. आज तर मला शिकवायला लागला. तवा म्हटलं, ह्यांचं जायाचं पक्कं हाय.

जोतीराम : मला कुणी जबरी केली न्हाई. साहेबानं इचारलं, ऱ्हातोस का. मी हो म्हणून बसलो.

मनुबाई : ते बी कळलं. जबरी असती तर तुमी आल्या आल्या शिव्या घालत सांगितलं असतं.

जोतीराम : भ्या वाटतंय मला.

मनुबाई : कशाचं?

जोतीराम : हितलं. तिथं तंबूवर बर्फ पडायचा, तवा एवढं वाटलं न्हाई. सुट्टीला आलो की सगळी माझ्या म्होरं म्होरं करत्यात. नानासो म्हणतो, "दादा, तुमी बसा." क्रांती आली तर घरात पाव्हणा आल्यावानी हळू बोलती. परवा उसाकडं गेलो, तर तोडीवाल्यानं इचारलं, "कुणाकडं आलाय साहेब?" माझ्या बापाच्या बांधावर! काय सांगू मी त्याला? माघारी आलो. ह्या घरात मला कुठल्या कोनाड्यात काय ठिवलंय ते ठावं न्हाई. झारा कुठल्या चुलीचा ते कळत न्हाई. एक डबा फोडायचं काम येतं, ते करतोय. सुट्टीचा माणूस सगळ्यास्नी ग्वाड लागतो, मनू. रोजचा झालो म्हंजी कोण इचारणार?

मनुबाई : सुट्टीचा माणूस मला ग्वाड लागतो असं कुणी सांगितलं तुमास्नी?

जोतीराम : तू कवा तक्रार केली न्हाईस.

मनुबाई : कवा करू? तुमी यायचं म्हटलं की मी घर सारवायची, ठेवणीतलं लुगडं काढायची. कितीदा डोक्यात राग हुता. क्रांतीला टायफॉईड झाला तवा हुता, मामंजी गेलं आन् तुमी तेराव्याला पोचला तवा तर लय हुता. पण म्हणायची, दोन महिन्याची सुट्टी, भांडणात कशाला घालवा? तुमी गेला की मग राग काढायची भांड्यांवर. आपल्या दोघांचं एक बी धड भांडण झालं न्हाई आजवर. गावात बायका म्हणत्यात, मनुबाईचा संसार बघा कसा ग्वाड हाय. कसला ग्वाड! संसार झालाच कुठं?

जोतीराम : मग भांड की आता.

मनुबाई : आता दमली. भांडायला बी अंगात बळ लागतं.

जोतीराम : तसं अजून वेळ गेली न्हाई. माघारी गेल्या गेल्या साहेबाला म्हटलं, मला ऱ्हायाचं न्हाई, तर यादीतनं नाव काढत्यात. तू म्हण नुसतं. तू म्हणलीस तर येतो.

मनुबाई : मी म्हणायची न्हाई.

जोतीराम : का?

मनुबाई : मी म्हणती म्हणून आला, तर उद्या ऊस वाळला तरी माझ्या नावानं, आन् तुमचा जीव रमला न्हाई तरी माझ्याच नावानं. दोन चुली सांभाळती तेवढं बास. तुमचा निर्णय बी मीच घिऊन बसू? माझ्यात न्हाई तेवढं त्राण.

जोतीराम : मग करू काय मी?

मनुबाई : आधी खावा. गार हुतंय.

जोतीराम : तू घे की.

मनुबाई : घेती... बरी झालीया. खरंच बरी झालीया. भाईरनं कुरकुरीत आन् आत मऊ. मीठ बी बेताचं पडलंय.

जोतीराम : उद्या वांग्यात करू या. चिंच भिजत घालून ठिवतो सकाळीच.

मनुबाई : उद्या रांधायचं ऱ्हाऊ द्या. उद्या वड्याकडच्या उसाला पाण्याची पाळी हाय. नानासो भाऊजी कारखान्यावर निघाल्यात. मी एकलीच हाय रानात. येताय का संगं?

जोतीराम : मी?

मनुबाई : तुमीच. पाव्हण्यावानी बांधावर बसायला न्हाई. खोरं घिऊन, चिखलात. एक सरी भरली की तिचं दार बांधायचं, दुसरीचं फोडायचं. दिवसभर. करून बघा. मग साहेबाला काय सांगायचं ते तुमचं तुमी ठरवा.

जोतीराम : शाळा सुटली तसा भरती झालो मी. बापानं कवा हातात खोरं दिलंच न्हाई. मला दारं धराया येत न्हाईत, मनू.

मनुबाई : मला तरी कुठं येत हुती?