दुसरी पिशवी

बायको : नाही, ऑइलचं काही काढू नका. जलरंगांचं तेवढं द्या.

दुकानदार : पण काकू, तुमच्या चित्रकलेच्या वर्गाच्या बाईंनी दिलेल्या यादीत दोन्ही आहे. म्हणजे कसं, पहिले सहा महिने जलरंग, पुढचे सहा ऑइल. सगळे एकदमच नेतात.

नवरा : काढा तुम्ही. दोन्ही काढा.

बायको : तुम्ही स्टुलावर गप्प बसा बघू. तीन पायऱ्या चढलात तर ओठ निळे पडलेत.

नवरा : निळा आहे ना यादीत? मग एक वाचला.

दुकानदार : निळे दोन लागतात, काका. काकू, हा कागद बघा. हात लावून बघा ना. जाड आहे, पाण्यानं फुगत नाही. आणि हा गोल ब्रश. पाण्यात बुडवायचा, असा झटकायचा. टोक आपोआप जुळलं की समजायचं, चांगला आहे.

बायको : मऊ आहे हो. हा द्या. आणि पांढरा कुठे दिसत नाही तो?

दुकानदार : जलरंगात पांढरा कागदाचाच. जिथे पांढरं हवं तिथे कोरं सोडायचं.

नवरा : राखाडी मात्र नको हं. एकतीस वर्षं तोच मारलाय. लोखंडी कपाटांना, स्प्रेनं. तोंडाला रुमाल बांधून.

बायको : तोंडाला कुठला! गुदमरतं म्हणून गळ्यात लोंबत असायचा. कानीकपाळी ओरडून थकले मी.

दुकानदार : राखाडी विकत घ्यावाच लागत नाही, काका. निळ्यात विटकरी मिसळला की झाला.

नवरा : त्यात निळा असतो? बघ, एकतीस वर्षांत कुणी बोललं नाही.

(नवऱ्याला खोकल्याची उबळ येते. दुकानदार पाण्याची बाटली पुढे करतो.)

दुकानदार : पाणी घ्या थोडं. सावकाश. राग मानू नका काका, पण काकूंचं बरोबर आहे. ऑइल म्हटलं की टर्पेंटाइन आलं. ब्रश त्यातच धुवायचे. वास घरभर राहतो. तुमच्या छातीला सोसायचा नाही तो.

नवरा : ऑइल कधी सुरू होणार म्हणालात?

दुकानदार : सहा महिन्यांनी.

नवरा : मग काय अडचण आहे?

बायको : अहो!

नवरा : डॉक्टर बोलले तेव्हा तू शेजारीच होतीस.

बायको : डॉक्टरांना बोलायला काय जातंय? आणि हे इथे काढायचं होतं का? दुकानात, परक्या माणसासमोर?

नवरा : घरी काढलं की तू उठून स्वयंपाकघरात जातेस. इथे कुठे जाशील?

बायको : मला ते ऑइल शिकायचंच नाही.

नवरा : काय सांगतेस! दवाखान्यात भिंतीवर ते होडीचं चित्र आहे ना, मी आत मशीनमध्ये असतो आणि ही बाहेर त्याला बोट लावून बघते, रंग किती जाड आहे ते. नर्स रागावली हिला. दोनदा.

बायको : एकदाच.

नवरा : बरं, एकदा.

बायको : तुम्ही घरात असताना मी ते टर्पेंटाइन आणणार नाही. आणि तुम्ही नसताना मला काही रंगवायचं नाही. झालं समाधान?

नवरा : तेच तर. म्हणून आज घ्यायचं. नंतर तू दार लावून बसशील, ओळखतो मी तुला. पण आणलेली वस्तू तुझ्याच्यानं वाया घालवणं होत नाही. पातेल्यात दोन घास उरले तरी पोट भरलेलं असताना खातेस. रंग घरात पडलेले असले, की सुकून जातील या धास्तीनं तरी उठशील. वर्गाला जाशील, चार माणसांत बसशील. काय हो, सांगा हिला. सुकतात ना पडून पडून?

दुकानदार : ऑइल? छे छे. झाकण घट्ट असलं, ट्यूब उघडली नाही, तर वर्षानुवर्षं काही होत नाही.

नवरा : अहो, थोडेतरी सुकतात म्हणा की.

दुकानदार : हां, म्हणजे... तसं... थोडेफार...

बायको : यांच्याकडे नका बघू. माझ्याकडे बघून सांगा. वर्षानुवर्षं?

दुकानदार : हो, काकू. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

बायको : मग काढा. यादीतलं सगळं. कॅनव्हास, ते राठ केसांचे ब्रश, जवसाचं तेल. टर्पेंटाइनसुद्धा.

नवरा : बघा. शेवटी ऐकते माझं.

बायको : जलरंग एका पिशवीत घाला, ते मी नेते. ऑइलचं दुसऱ्या पिशवीत घालून इथेच ठेवा. तुमच्या मागच्या फळीवर.

नवरा : इथे? इथे ठेवून काय उपयोग? घरी ने ना.

बायको : घरी कशाला? येता-जाता ती पिशवी दिसणार आणि मी दिवस मोजत बसणार. तुमच्या जाण्याची तयारी करून ठेवू का मी घरात? मला नाही होणार ते. खरंच नाही होणार हो.

नवरा : बरं. रडू नकोस. कागदावर पडेल पाणी.

दुकानदार : ठेवतो, काकू. काही काळजी करू नका. वर चिठ्ठी चिकटवतो. कधी नेणार, ते काय लिहू? सहा महिन्यांनंतरची तारीख घालू?

नवरा : घाला.

बायको : तारीख नको. टिकतात म्हणालात ना? राहू द्या तिथेच.