सात थर आत जाणारी क्रीम

हसू नका, पण शेजारी मुलगी बघायला पाहुणे आले की पोह्यांच्या बशा न्यायला मी जातेच, बोलावलं नाही तरी. आमच्या शेजारच्या अलकाला बघायला सातपूरचे पाहुणे आले होते, तेव्हाही गेले. मुलगा कंपनीत नुकताच कायम झालेला, त्यामुळे अलकाची आई सकाळपासून देवाला साकडं घालत होती.

मुलाच्या आईने अलकाला नीट न्याहाळलं आणि पर्समधून क्रीमची डबी काढली. "मुलगी पसंत आहे, पण रंग जरा उजळू दे. ही रोज लाव. कातडीच्या सात थर आत जाते. फरक दिसला की तारीख काढू."

अलकाने डबी उलटीपालटी करून पाहिली. "काकू, यात घातलंय काय?"

"त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? आत जाते, एवढं खरं."

"आमच्या शेतातल्या गुलाबावरचं औषधही कातडीतून आत जातं. वडील उघड्या हातांनी फवारायचे, एकदा चक्कर येऊन बांधावरच पडले. म्हणून विचारते. ही आत जात नसेल तर लावू कशाला? आणि जात असेल, तर काय जातंय ते कळल्याशिवाय मी लावणार नाही."

डबी पर्समध्ये परत गेली. पाहुणे चहालाही थांबले नाहीत.

अलकाची आई माझ्यावरच घसरली. "वहिनी, तुम्ही शेजारीच बसला होतात. गप्प नाही करायचं तिला?"

"ती बोलली नसती तर मीच बोलले असते," मी म्हटलं. "आणि पुढचे पाहुणे आले की मी पुन्हा तिथेच बसणार."