मागच्या एक्सलचा आवाज

...आणि वर मलाच विचारतो, आमचा राघो फिटर, “मेहताजी, ह्यो आवाज आजचा न्हाय, तुमाला आयकू नाय आला?” अरे, मला? मला ऐकू नाही आला? तुम्हाला सांगतो, नारपोलीच्या पॉवरलूममध्ये चौतीस वर्षं मेहताजी म्हणून, म्हणजे कारखान्याचा हिशेब आणि देखरेख बघत काढली मी, अठ्ठेचाळीस लूम, खटाखट खटाखट, आणि खुर्चीत डोळे मिटून सांगायचो, कोपऱ्यातली तेरा नंबर बंद पडली! कशी कळायची? आवाज थांबला की! आमच्या भिवंडीत माणूस आवाजाला घाबरत नाही हो, शांततेला घाबरतो. लाइट गेली, गल्ली चिडीचूप झाली, की लोक दारात येऊन उभे, काय झालं म्हणून! तेव्हा आपलं साधं शास्त्र... आवाज येतोय ना? मग चालू आहे!

तर ही एटीव्ही. म्हणजे ते जाड टायरचं चारचाकी, मोटारसायकलसारखं हँडल असलेलं. एक रिसॉर्ट बंद पडलं, त्यांची जुनी उचलली मी. हौस? साठी उलटल्यावर कसली आलीय हौस! आमच्या सुमतीसाठी. हिच्या माहेरची देवी टेकडीवर, वाट सगळी दगडांची, आणि लग्नाआधीपासून दर नवरात्रात ओटी भरायला जाणारी ही बाई, गुडघ्यांपायी तीन वर्षं गेली नाही. देवीचं नाव निघालं की उठून आत जायची. मला बघवेना. म्हटलं, यंदा तुला मी वर नेतोच!

अष्टमीला निघालो. मी पुढे, ही मागे, मांडीवर ओटीचं ताट, आणि पाठीमागून नारळ घेऊन राघो चालत, तो हिच्याच गावचा, हिला ताई म्हणतो. निम्म्या वाटेवर मागून खट्... खट्... “अहो, आवाज येतोय.” पहिल्या दिवसापासून येतोय! “अहो, वाढलाय.” वाढला तर चांगलंच की! मी काय म्हणालो? आवाज येतोय ना? मग चालू आहे!

आणि मग ते वळण... डावीकडे टेकडी आणि उजवीकडे काही नाही. काही नाही म्हणजे नाहीच, खाली थेट झाडांचे शेंडे! खटखटचं झालं खर्रर्र, आणि खर्रर्रचं झालं... काहीच नाही. शांत! इंजिन फिरतंय, गाडी पुढे जात नाही, उजवं मागचं चाक असं... असं तिरकं होऊन बाहेर झुकलेलं, मी ब्रेकवर लोंबकळतोय आणि गाडी इंचाइंचाने मागे! मी ओरडलो, “उतर!” ती म्हणाली, “कुठे?” बरोबर आहे हो, एका बाजूला दरी, दुसरीकडे उडी मारायची तर गुडघे नाहीत! मी म्हटलं, “घाबरू नकोस!” आणि दात माझेच वाजतायत. त्या क्षणी काय वाटलं सांगू? गाडी जाऊ दे खाली, मीही जाऊ दे, पण ही राहू दे. बस, ही राहू दे!

राघोने नारळ फेकला, धावत येऊन चाकांमागे दगड लावले, हिला उचलून खाली ठेवली. मग चाक धरून हलवलं, तर ते वर-खाली गडगडगडगड! “बेरिंगचा पार भुगा झालाय मेहताजी. एक्सल बी घासलाय. कवापासनं येतोय आवाज?” सुमती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. ओटी तशीच परत आली.

दसरा दोन दिवसांवर! पार्टवाल्याला फोन केला, तर तो, “अंकल, आठ दिन तो पकड़ के चलो।” मी राघोला हळूच म्हटलं, आत्तापुरतं ग्रीस भर ना. असा भडकला! “गिरीस भरून काय व्हनार हाय? ताईला परत तितंच लटकवायचीय का?” मग त्याच रिसॉर्टच्या दुसऱ्या मोडक्या गाडीचा एक्सल सोडवून आणला, बेअरिंग नारपोलीत लूमच्या दुकानात नंबर जुळवून घेतली, राघोने लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकून बसवली, नवे सील, नवे नट, आणि नटातली पिन मी दोनदा बघितली. खोटं कशाला बोलू, पाच वेळा बघितली!

दसऱ्याला पुन्हा निघालो. आणि आवाजच नाही हो! ना खट्, ना खर्र... माझा जीव कासावीस! तीनदा थांबून मागची चाकं हलवून बघितली. ते वळण तर श्वास धरून काढलं. मी म्हटलं, “अगं, काहीतरी बोल!” तर म्हणाली, “पुढे बघा.”

पोचलो एकदाचे! इंजिन बंद केलं. देवळाला सात पायऱ्या. हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाय उचलला आणि... कट्. दुसरी पायरी... कट्. त्या शांततेत मला पहिल्यांदा ऐकू आलं हो! तीन वर्षं ही सांगत होती, आणि मी पेपरातून मान वर न करता म्हणायचो... ओळखलंत ना, काय म्हणायचो ते? लाज वाटली, खरंच लाज वाटली. म्हटलं, “सुमती, अगं, गुडघ्यातून आवाज येतोय तुझ्या!” तिने पदर सावरला, ताट सांभाळलं आणि वर देवीकडे बघत म्हणाली, “येतोय ना? मग चालू आहे!”

ओटी भरली. सोमवारी हाडांच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. ते पहिलं काय विचारणार, मला पाठ आहे... कधीपासून येतोय आवाज? आणि ही काही बोलणार नाही हो. नुसती माझ्याकडे बघत राहील.