हौदामागचा गुलाब

सरदारांच्या जुन्या महालाच्या तिकीट-खिडकीत बसलेली बाई मान वर न करता तिकिटं फाडत होती. पण रांगेतल्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं कानावर आलं आणि तिचा हात मंदावला.

"अहो, परत कुठे फिरताय? आलाच की आपला नंबर."

"बत्तीस वर्षं या महालाच्या बागेत माळीकाम केलं मी. आता त्यात नवीन काय बघायचंय?"

"तुम्ही केलंत. मी कधी फाटकाच्या आत पाऊल तरी टाकलंय का?"

"कामावर बायकोला घेऊन जातात होय?"

"आणि एवढ्या वर्षांत एक फूल म्हणून आणलं नाहीत."

"फुलं मालकांची होती गं. म्हणून तर घरून कलम नेऊन हौदामागे एक पिवळा गुलाब लावला. तो तुझा. हाकही तुझ्याच नावाने मारायचो त्याला."

"अगंबाई! आणि हे आज सांगताय?"

"आणू आणू म्हणता निवृत्त झालो. आता नव्या माळ्यांनी उपटला असला तर? रिकामी जागा काय दाखवू तुला? चल, घरी जाऊ."

"मुळीच नाही. रिकामी तर रिकामी, जागा तरी बघू दे."

खिडकीतल्या बाईला राहवेना.

"आजोबा, हौदामागच्या भिंतीवर चढलाय तोच ना? अहो, रोज त्याच्याच सावलीत बसून डबा खाते मी."

आजींनी म्हाताऱ्याचा हात घट्ट धरला.

"दोन द्या, बाई. आणि अहो, चला आता, ओळख करून द्या आमची."